रिटर्न भरून देणाऱ्यांसाठी: सोडून गेलेला क्लायंट अडचण घेऊन परत आला तर काम घ्यावं का?

रानडेरोड | १८ सप्टेंबर २०२५, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. परवा रात्री मुदत संपली. ३१ जुलैची १५ सप्टेंबर झाली होती, त्यात शेवटी आणखी एक दिवस मिळाला. आज टेबल आवरायला घेतलं तर एक फाईल तशीच राहिलेली दिसली. तिच्याबद्दलच विचारायचंय.

मी सीए नाही. बी.कॉम.नंतर दहा वर्षं एका सीएंच्या ऑफिसात काढली आणि गेली चौदा वर्षं दादरला घरातूनच स्वतःचं काम करते. पगारदार, पेन्शनर, थोडे दुकानदार. हे गृहस्थ पगारदार. त्यांचे वडील माझे अगदी पहिल्या वर्षीचे क्लायंट, मुलाला पहिली नोकरी लागली तेव्हा स्वतः घेऊन आले होते. गेल्या वर्षी मात्र मुलगा आला नाही. आजकाल बरेच जण स्वतःच भरतात, तसंच असेल म्हणून मी फोन केला नाही.

यंदा १३ तारखेला, शनिवारी, दारात उभे. चप्पल काढायच्या आधीच मोबाईल पुढे केला. आयकर खात्याचा मेसेज होता, मागच्या रिटर्नमधल्या वजावटी तपासून पाहा अशा अर्थाचा. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. ऑफिसातल्या कोणीतरी एजंट सुचवला होता. त्याने राजकीय पक्षाला २ लाख रुपये देणगी दिल्याचं ८०जीजीसीखाली दाखवलं. हे ३० टक्क्यांच्या पट्टीत, म्हणजे ६० हजार कर आणि ४ टक्के उपकर धरून ६२,४०० रुपये परत आले. एजंटने त्यातले १५ टक्के घेतले, ९,३६०. माझी हजार रुपये फी वाढवून बाराशे केली होती तेव्हा याच माणसाने तीन वेळा विचारलं होतं, "ताई, घरचेच आहोत ना आपण?"

मी म्हटलं, देणगी बँकेतून गेली असेल तर नोंद दाखवा. नोंद नाही. पावती मात्र आहे! एजंटने पाठवलेली पीडीएफ. पक्षाचं नाव त्यांनी आयुष्यात ऐकलेलं नाही, आणि पावतीवर त्यांचं स्वतःचं आडनाव चुकलेलं आहे. वर्षभर ती फाईल त्यांच्या मोबाईलमध्ये होती, पण उघडून आडनाव बघितलं नव्हतं.

यंदाचं रिटर्न मी १५ तारखेला नीट भरून दिलं. मागच्या वर्षाचं काम अजून घेतलेलं नाही. घरचे म्हणतात, सोडून दे, नसती झंझट. रागही आहे, खोटं कशाला बोलू. पण त्यांचे वडील डोळ्यांसमोर येतात.

तर दोन गोष्टी विचारायच्यात. तुम्ही अशी कामं घेता का, आणि घेताना काय अटी घालता? दुसरं जास्त महत्त्वाचं. हा माणूस अकरा वर्षं माझ्यासमोर बसायचा, तरी एजंटकडे जाताना मला एक शब्द विचारावा असं त्याला वाटलं नाही. लोक आपल्याला सगळं सांगत का नाहीत? दर वर्षी माझा निम्मा वेळ आकडेमोडीत नाही, माणसाकडून माहिती काढण्यात जातो.

---

माझगाव१९८४ | १८ सप्टेंबर, रात्री ११:२५

ताई, काम घ्या.

मी विक्रीकराच्या काळातला माणूस. १९५९ चा मुंबई विक्रीकर कायदा, मग २००५ चा व्हॅट, मग २०१७ चा जीएसटी, तिन्ही माझगावच्या त्याच विक्रीकर भवनाच्या पायऱ्या चढून पाहिले. आम्ही क्लायंट म्हणत नव्हतो, पक्षकार म्हणायचो. पक्षकार चुकला म्हणून त्याला दारातून परत पाठवायचं नसतं. मात्र पुढची चूक लपवायला मदत करायची नाही, हे त्याला पहिल्याच बैठकीत तोंडावर सांगायचं.

तुमच्या प्रकरणात रस्ता सरळ आहे. २०२४-२५ या आकारणी वर्षाचं, म्हणजे मार्च २०२४ ला संपलेल्या वर्षाच्या कमाईचं, सुधारित रिटर्न भरायची मुदत १५ जानेवारी २०२५ लाच गेली. आता अद्ययावत रिटर्न, आयटीआर-यू. यंदा १ एप्रिलपासून त्याची मुदत दोन वर्षांवरून चार वर्षांवर नेली आहे, पण जितका उशीर तितका भुर्दंड. पहिल्या वर्षात कर आणि व्याजावर २५ टक्के जादा, दुसऱ्यात ५०, मग ६०, मग ७०. तुमच्या माणसाची २५ टक्क्यांची खिडकी ३१ मार्च २०२६ पर्यंत उघडी आहे. ६२,४०० परत, त्यावर व्याज, वर चौथाई. ऐंशी हजारांच्या वर जाईल. हे ऐकून तो चिडेल. तेव्हा दुसरा आकडा सांगा: चुकीची माहिती देऊन उत्पन्न कमी दाखवलं असं ठरलं तर २७०ए खाली कराच्या २०० टक्के दंड. म्हणजे १,२४,८०० नुसता दंड, कर आणि व्याज वेगळंच. आणि त्या वर्षाची छाननी सुरू झाली की आयटीआर-यूचं दार बंद. म्हणून दिवाळीनंतर बघू म्हणाला तर ऐकू नका.

एक कागद मात्र सही करून घ्या: देणगी दिलेली नव्हती, मागचं रिटर्न दुसऱ्याने भरलं होतं, दुरुस्ती मी स्वतःहून करतो आहे. त्याची एक प्रत त्याला, एक तुमच्या फायलीत.

---

ठाणे_स्लो | १९ सप्टेंबर, सकाळी ७:५०

ताई, तुमचा दुसरा प्रश्न मनाला लागला. मी या कामात फक्त पाच वर्षं आहे आणि माझे बहुतेक क्लायंट मी प्रत्यक्ष पाहिलेलेही नाहीत. सगळं व्हॉट्सॲपवर. फॉर्म सोळाचे फोटो येतात, त्यात भाग ब चं नेमकं वजावटींचं पान नसतं. एफडीच्या व्याजाचं विचारलं की उत्तर येतं, "बँकेने टीडीएस कापलाय, तो विषय संपला." बँक १० टक्के कापते, तुम्ही ३० टक्क्यांत आहात, मधले २० कोण भरणार, हे मी यंदा किती जणांना समजावलं याची गणतीच नाही.

आणि या वर्षीचा खास त्रास म्हणजे १२ लाखांपर्यंत कर नाही, हे. फेब्रुवारीत बजेटमध्ये ऐकलेलं लोकांच्या डोक्यात पक्कं बसलं. एकाचा पगार ११ लाख, नवी करपद्धत. कंपनीने कापलेला सगळा टीडीएस परत येणार म्हणून त्याने बायकोला फ्रीजचं सांगूनही ठेवलं होतं. ती सवलत १ एप्रिल २०२५ नंतरच्या कमाईला, आपण भरतोय ते ३१ मार्चला संपलेल्या वर्षाचं, त्याला मर्यादा ७ लाखांचीच. हे सांगितलं तर म्हणाला, "मग तुमचा काय उपयोग?" तो दुसऱ्याकडे गेला. दुसऱ्याने काय भरलं असेल या विचाराने मला झोप लागली नाही.

ओटीपी तर विचारूच नका. शेवटच्या आठवड्यात रात्री अकराला क्लायंट गाडीत, गाडी पारसिकच्या बोगद्यात, आणि ओटीपी माझ्यापर्यंत पोचेस्तोवर जुना झालेला. रिटर्न भरलं म्हणजे झालं असं त्यांना वाटतं. पूर्वी १२० दिवस होते, आता ३० दिवसांत ई-व्हेरिफाय (ओटीपी वगैरेने पडताळणी) केलं नाही तर वेळेत भरलेलंही उशिराचं धरलं जातं. मी आता पोचपावती आल्याशिवाय "झालं" हा शब्दच वापरत नाही.

---

मीटर_डाऊन | १९ सप्टेंबर, दुपारी १:१५

थोडं वेगळं मत मांडतो, राग मानू नका. लोक एजंटकडे जातात कारण तो रिफंड आणून देतो, आणि आपण फक्त "हे चालणार नाही, ते चालणार नाही" करतो. टक्केवारीने फी घेण्यात मला गैर वाटत नाही. खऱ्या वजावटी शोधून काढल्या आणि त्यातला वाटा घेतला तर काय बिघडलं? माझे दोन वर्षांत चाळीस क्लायंट गेले. भाडं मलाही भरायचं असतं.

---

रानडेरोड | १९ सप्टेंबर, दुपारी २:०५

राग अजिबात नाही. चाळीस क्लायंट म्हणजे किती, ते मला कळतं. माझेही बावीस गेले.

पण टक्केवारीचं मला पटत नाही, आणि हे मी स्वतःच्या मनाकडे बघून सांगते. सहा वर्षांपूर्वी एका दुकानदाराने मला तशी ऑफर दिली होती, "जेवढा वाचवाल त्याचा दहावा हिस्सा." त्याच रात्री त्याची फाईल उघडली तर माझी नजर वेगळीच फिरत होती. ज्या खर्चाचं बिल नाही त्यापाशी मी थांबले आणि मनात आलं, हे कोण बघणार आहे? दुसऱ्या दिवशी त्याला सांगितलं की फी ठरलेलीच घेईन. सीएंना त्यांच्या कायद्यातच अशी फी घ्यायला मनाई आहे. आपल्याला कोणी अडवत नाही म्हणून उलट जास्त जपायला हवं. आणि खोटं रिटर्न भरायला मदत करणाऱ्यालाही शिक्षा आहे, कलम २७८. सही क्लायंटची असली तरी आपण सुटत नाही.

---

माझगाव१९८४ | १९ सप्टेंबर, सायं. ६:४०

यात एक भर घालतो. १४ जुलैला खात्याने देशभर दीडशे ठिकाणी एकाच दिवशी तपासण्या केल्या त्या याच गोष्टींसाठी: खोट्या देणग्या, खोटं घरभाडं, खोटे मेडिक्लेम. प्रत्यक्ष कर मंडळाच्या त्या दिवसाच्या निवेदनात आहे की आधीच्या चार महिन्यांत सुमारे ४० हजार लोकांनी आपणहून रिटर्न दुरुस्त करून १,०४५ कोटींचे दावे मागे घेतले. तुमचा माणूस एकटा नाही, ताई. त्याला हे जरूर सांगा. एकटा सापडलोय असं वाटलं की माणूस आणखी खोटं बोलतो.

मीटरभाऊ, खऱ्या वजावटी शोधा ना. ८०डी मध्ये आईवडिलांच्या आरोग्यविम्याचा हप्ता, शैक्षणिक कर्जाचं व्याज, जुन्या पद्धतीत ज्येष्ठांना ठेवींच्या व्याजावर ५० हजारांपर्यंत ८०टीटीबी. दहापैकी तीन जणांचं काहीतरी राहिलेलं असतं. त्याची जादा मेहनत असेल तर जादा फी आधी सांगून घ्या. लोक देतात.

---

काळाचौकी | २० सप्टेंबर, रात्री ९:३०

ताई, लोक का सांगत नाहीत याबद्दल माझा एक अनुभव लिहितो. थोडा लांब होईल.

माझ्याकडे एक आजी येतात. यजमान गिरणीत होते, नंतर दुसरी नोकरी केली, आता त्यांना कुटुंब निवृत्तिवेतन आहे आणि ठेवी आहेत. दर वर्षी मुलगा त्यांना घेऊन येतो. हातात कापडी पिशवी, पिशवीत दुधाच्या पिशवीत गुंडाळलेली तीन पासबुकं. दोन वर्षांपूर्वी मी त्यांचं एआयएस, म्हणजे आयकर खात्याकडे जमलेली वर्षभराची माहिती, उघडलं तर व्याज चार ठिकाणचं. चौथं खातं पोस्टातलं, रक्कमही बरी होती.

मी तोंड उघडणार तेवढ्यात आजींनी माझ्याकडे पाहिलं. स्क्रीन त्यांना वाचता येत नाही, पण मी कुठे थांबलो ते त्यांना बरोबर कळलं. हात पिशवीवर घट्ट. मुलगा शेजारी मोबाईल बघत होता. मी मुलाला म्हटलं, "आधारची झेरॉक्स लागेल, कोपऱ्यावर मिळते." तो उठून जिना उतरल्याचा आवाज येईपर्यंत आजी गप्प होत्या. मग पदराखालून चौथं पासबुक काढलं. म्हणाल्या, "हे लेकीसाठी आहे. तिचं सासर बरं नाही. याला कळलं तर घरात राहायचं नाही ते." दर वर्षी त्या ते पासबुक आणत होत्या. दर वर्षी मुलगा शेजारी असायचा आणि ते पदराखालीच राहायचं.

खातं त्यांच्या नावाचं, व्याज त्यांचं, ते दाखवलं. कर फार निघाला नाही. खरी अडचण पुढे आली. ओटीपी मुलाच्या मोबाईलवर जाणार, रिटर्नची प्रत मुलाच्या ईमेलवर. म्हणून त्या वर्षी ओटीपी केलाच नाही. पोचपावतीवर आजींची सही घेतली आणि ती स्पीड पोस्टाने बंगळुरूला आयकर खात्याकडे पाठवली. महिन्याभरात आधार केंद्रावर नेऊन त्यांचा स्वतःचा नंबर जोडून घेतला. साधा बटणांचा फोन आहे, पण त्यांचा आहे.

तेव्हापासून माझ्या लक्षात आलं की माणूस आपल्यापासून किंवा आयकर खात्यापासून लपवत असतोच असं नाही. बरेचदा तो शेजारच्या खुर्चीत बसलेल्यापासून लपवत असतो. नवरा बायकोपासून, बायको सासूपासून, भागीदार भागीदारापासून. आता मी प्रत्येकाला निदान दहा मिनिटं एकट्याला बोलावतो. तुमच्या गृहस्थांच्या घरी त्या ६२ हजारांचं माहीत आहे का?

---

पगारदार | २१ सप्टेंबर, सकाळी १०:१०

मी रिटर्न भरणाऱ्यांपैकी नाही, भरून घेणाऱ्यांपैकी आहे. काळाचौकी यांचा प्रतिसाद वाचून लिहावंसं वाटलं.

माझे सल्लागार चांगले आहेत. पण ते विचारतात, "आणखी काही आहे का?" याला माझं उत्तर दर वर्षी "नाही" असतं. गेल्या वर्षी मी शेअर बाजारात ऑप्शनमध्ये ३ लाख ४० हजार घालवले. नफाच नाही तर सांगायचं काय, असं मी स्वतःला समजावलं. खरं सांगायचं तर लाज वाटली. ते माझ्या वडिलांना ओळखतात. आयटीआर-१ भरलं गेलंय, १० सप्टेंबरला. आता हे वाचून भीती वाटते आहे. मी काय करू?

---

माझगाव१९८४ | २१ सप्टेंबर, सकाळी ११:००

सर्वपित्रीच्या दिवशी घरात गडबड आहे, तरी तुम्हाला उत्तर देऊनच उठतो.

तोटा झाला तरी दाखवायचा असतो. फ्युचर-ऑप्शन हा धंद्याचा व्यवहार, त्याला आयटीआर-३ लागतं, आयटीआर-१ मध्ये तो बसत नाही. एआयएसवर सगळं दिसत नसलं तरी ब्रोकरकडे पूर्ण नोंद असते. हा तोटा पगारातून वजा होत नाही, पण व्याज-भाड्यासारख्या उत्पन्नातून होतो, आणि वेळेत भरलेलं असेल तर पुढची आठ वर्षं धंद्याच्या नफ्यातून वळता करता येतो. तुमचं मूळ रिटर्न मुदतीत आहे, ते ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत सुधारता येईल. पुढे ओढायच्या तोट्याचं नेमकं तुमच्या सल्लागाराकडून कागद दाखवून करून घ्या.

फोन आजच करा. वडिलांना सांगणार नाही ना, हेही त्यांना सरळ विचारा. क्लायंटची गोष्ट कोणाही तिसऱ्याला सांगायची नसते, बापालाही नाही. हे आपण लोकांनी पहिल्या भेटीत उघड बोलायला हवं, ते आपण गृहीत धरतो.

---

पार्ल्याची | २१ सप्टेंबर, रात्री ८:२०

सगळे प्रतिसाद वाचले. माझा मुद्दा जरा कोरडा आहे, पण यात मी हात पोळून घेतलेत.

दुसऱ्याकडून आलेला क्लायंट घेतलात की पहिलं काम म्हणजे पोर्टलवरचं प्रोफाईल उघडून मोबाईल आणि ईमेल कोणाचा आहे ते पाहणं. पुष्कळ ठिकाणी आधीच्या माणसाचा असतो. क्लायंटला पासवर्डही माहीत नसतो. माझ्याकडे एक डॉक्टर आल्या होत्या. त्यांच्या रिटर्नमध्ये त्रुटी असल्याची १३९(९) ची नोटीस जुन्या सल्लागाराच्या ईमेलवर जाऊन पडली. उत्तराला १५ दिवस असतात. त्या गृहस्थांनी तोवर काम बंद केलं होतं, ईमेल कोणी उघडत नव्हतं. रिटर्न अवैध ठरलं, आणि बाईंना कळलं कधी, तर घराच्या कर्जासाठी बँकेत गेल्या तेव्हा. बँकेच्या काउंटरवर उभ्या राहून त्यांनी मला फोन केला होता. त्यांचा आवाज अजून आठवतो.

तेव्हापासून माझा नियम एकच. मुख्य संपर्क क्लायंटचा स्वतःचा, माझा नंबर दुय्यम म्हणून. पासवर्ड क्लायंटसमोर बदलायचा आणि त्यांच्या डायरीत त्यांच्याच हाताने लिहायला लावायचा. आपल्यातले कित्येक जण सगळ्या क्लायंटना एकच पासवर्ड ठेवतात. कृपा करून आजच बदला.

रानडेरोडताई, तुमच्या गृहस्थांच्या प्रोफाईलवर त्या एजंटचा नंबर आहे का, ते आधी बघा. आणखी एक, यंदा फॉर्ममध्येच पॉलिसी क्रमांक, कर्जखात्याचा क्रमांक असं सगळं मागितलं होतं. मला त्याची मदतच झाली. "मी विचारत नाहीये, फॉर्म विचारतोय" म्हटलं की लोक दुखावत नाहीत, कपाटातून कागद काढतात.

---

ठाणे_स्लो | २१ सप्टेंबर, रात्री ८:५५

पार्ल्याचीताई, माझा पासवर्ड सगळीकडे एकच होता. आत्ता बसलोय बदलायला.

पुनर्विकासात गेलेल्या इमारतींचं तुम्ही लोक कसं करता? बिल्डरकडून भाडं, कॉर्पस (एकरकमी पैसे) मिळतो, पण क्लायंट ते कधी सांगतच नाहीत, "ते काय उत्पन्न आहे का?" म्हणतात.

---

पार्ल्याची | २१ सप्टेंबर, रात्री ९:३०

त्यांचं म्हणणं कधी बरोबर असतं, कधी नसतं. घर सोडावं लागल्याच्या त्रासाची भरपाई करपात्र नाही असे मुंबईच्या अपिलीय न्यायाधिकरणाचे निकाल आहेत. पण प्रत्येक रकमेला तेच लागू होईल असं धरू नका. मी करारनाम्याची प्रत मागते आणि कोणती रक्कम कशापोटी, ते कलम वाचते. भाडं म्हणून मिळालं आणि प्रत्यक्षात भाड्याने राहिलेच नाहीत, मुलीकडे राहिले, तर तो प्रश्न वेगळा. वांद्रे ते बोरिवली निम्म्या सोसायट्या याच वाटेवर आहेत, हा प्रश्न आता मी पहिल्याच पानावर छापून घेतलाय: "तुमची इमारत पुनर्विकासात आहे का?"

---

रानडेरोड | ४ ऑक्टोबर, रात्री ११:१०

उशिरा लिहिते आहे. मधे नवरात्र, दसरा झाला. तुम्ही सगळ्यांनी इतकं मनापासून लिहिलंत म्हणून काय झालं ते सांगणं माझं कर्तव्य आहे.

काळाचौकी, तुमच्या प्रश्नाने मी थबकले. माझ्या मनात त्यांना पत्नीसह बोलवायचं होतं, म्हणजे दबाव राहील असं वाटलं होतं. तुमचा प्रतिसाद वाचून त्यांना एकट्यालाच बोलावलं. चहा दिला आणि विचारलं, "पैसे कुठे गेले?" बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, वडिलांच्या शेवटच्या आजारपणात पतसंस्थेचं कर्ज काढलं होतं, घरी सांगितलं नव्हतं. एजंटचा रिफंड आला तो त्यात भरला. मला कळवलं नाही, कारण मी वडिलांना ओळखत होते. अगदी हेच शब्द, "तुम्ही बाबांना ओळखता ना, ताई." पगारदार यांनी लिहिलं होतं तसंच.

मी राग धरून बसले होते, तो तिथेच गेला.

प्रोफाईलवर एजंटचाच ईमेल निघाला. आधी तो बदलला. पासवर्ड त्यांनी स्वतः टाकला, मी खिडकीकडे तोंड करून उभी राहिले. मग माझगावकाकांचे दोन्ही आकडे कागदावर लिहून समोर ठेवले. चिडले नाहीत. हप्त्याने भरता येईल का एवढंच विचारलं. आयटीआर-यू भरायच्या आधी सगळा कर भरावा लागतो, तेव्हा ते शक्य नव्हतं. एक एफडी होती, पण पती-पत्नी दोघांच्या नावावर, आणि मुदतीआधी मोडायची तर दोघांच्या सह्या लागणार होत्या. म्हणजे घरी सांगणं आलं. त्या रात्री त्यांनी सांगितलं. काय बोलणं झालं ते मी विचारलं नाही. दोन दिवसांनी दोघं बँकेत जाऊन आले आणि त्या बाईंनीच मला फोन करून चलनाचं विचारलं.

चलन भरलं, आयटीआर-यू गेलं, ई-व्हेरिफाय झालं. तुम्ही म्हणालात तसा सहीचा कागद फायलीत आहे. माझी फी मी आधीच सांगितली होती, अडीच हजार, त्यांनी पाकिटातून दिली.

आता एक विचारायचंय. त्यांच्या ऑफिसातल्या आणखी तिघांच्या पावत्या त्याच एजंटच्या आहेत आणि तिघंही येतो म्हणतायत, एकत्रच, शनिवारी. काळाचौकी, तुम्ही काय कराल?

---

काळाचौकी | ४ ऑक्टोबर, रात्री ११:४०

तिघांना तीन वेगळ्या वेळा द्या. मध्ये तासभर ठेवा, म्हणजे जिन्यातही भेट व्हायला नको.

---

रानडेरोड | ५ ऑक्टोबर, सकाळी ८:१५

दिल्या. दहा, साडेअकरा आणि एक.